घोडं पेंड कुठं खातं

मापाची टेप पोटाभोवती फिरवून
फिलिपा म्हणाली, "पाचशे बारा किलो."
पेन दातांत धरून हिशेब केला:
दिवसाला साडेसात किलो सुकं गवत,
तेही पाण्यात भिजवून. ओट्स बंद, गाजरं बंद.
"आणि सफरचंद?" मी विचारलं.
तिनं नुसतं बघितलं.

मग मानेवरची वळी हलवून दाखवली,
आटलेल्या पुरणासारखी घट्ट.
"बोटांना इथं बरगड्या लागल्या पाहिजेत."
मी चाचपलं. गादी लागली.

टॅन्सी खरं तर शाल्मलीची.
शाल्मली आता लीड्सला पुलांची गणितं करते,
रविवारी फोनवर आधी घोडीचं विचारते, मग माझं.
मला कधी बसता आलं नाही तिच्यावर.
मला येतं ते एकच, वाढणं.
आमच्याकडे पानावर आडवा धरलेला हात
म्हणजे नकार नसतो.
बोटांच्या फटीतून श्रीखंड सोडायचं असतं.

तर मार्चपासून, क्लनच्या या उतारावर,
पहाटे साडेपाचला टबातलं गवत उपसते.
पाणी कोऱ्या चहासारखं, साखर उतरलेली.
ते नाल्यात ओतताना
कुणाच्या तरी तोंडचा घास ओतल्यासारखं होतं.
जाळी ताणकाट्याला टांगते, निथळू देते.
दुपारी दोन तास चरायला सोडते, तोंडाला मुसकी बांधून,
मळणीच्या बैलाला बांधतात तशी.
तिच्या तळाच्या भोकातून
एकेक पातं ओढत ती माझ्याकडे बघते.
त्या नजरेला मी अजून उत्तर शोधतेय.

सहा आठवड्यांनी टेप म्हणाली, पाचशे अकरा.

मनात म्हटलं, घोडं पेंड कुठं खातंय?
हे फिलिपाला कसं सांगणार?
ती घाबरून म्हणाली असती,
"पेंड? पेंड कुणी दिली?"

त्या दुपारी मी गेलेच नाही घरी.
हॉथॉर्नच्या कुंपणाआड उभी राहिले.
तीन वाजता मिस्टर ग्विलिम आले,
चौऱ्याऐंशी वर्षांचे, कोटाच्या खिशात अर्धा पाव.
फाटकावर कोपर टेकून
चिमटी चिमटीनं तुकडे करत
मुसकीच्या भोकातून आत ढकलत राहिले.
घाई नाही. बोलणं नाही.
ती ओठ लांब करून घेत होती.

मी वाक्य तयार ठेवलं होतं:
खुरांचा दाह, कायमचं लंगडणं,
शेवटी काय करावं लागतं तेही.
पण ते बोट बघितलं, भोकातून घास सोडणारं,
आणि वाक्य घशातच बसलं.

"तिनं मागितलं," ते म्हणाले.
मग बऱ्याच वेळानं, "डोरीनची घोडी याच शेतात असायची."

आता माझंही सांगते.
काटा साडेसातवर थांबला
की मी वर एक मूठ टाकत होते.
रोज. दोन्ही वेळा.
ती मूठ मी कधी मोजलीच नव्हती,
मूठ काय मोजायची असते?
ग्विलिमना हे सांगितल्यावर ते इतके हसले
की टॅन्सी दोन पावलं मागे सरली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या हातात खरारा दिला.
पाव घरी ठेवून या म्हटलं, आले.
पाठ, खांदा, पोटाचा घेर,
उभ्या उभ्या तासभर घासत राहिले.
ती खिसे हुंगत राहिली, अजूनही हुंगते.
रिकाम्या खिशात नाक घालून
उबेला उभी राहते थोडा वेळ.

जूनच्या शेवटी टेप चारशे ब्याऐंशी.
त्याआधीच, एका मंगळवारी,
ग्विलिमचा हात मध्येच थांबला.
"या, इथे बोट ठेवा," म्हणाले.
होती. कातडीखाली एक बरगडी,
मग दुसरी.

शाल्मली फोनवर म्हणाली, "आई, उपाशी नाही ना ठेवत तिला?"
मी जाळीकडे बघितलं. काटा सातवर होता.
मूठ खिशात होती.

टबातला तो कोरा चहा
आता ग्विलिम बादलीनं नेतात, रुबार्बला घालतात.
हात आडवा धरायला रुबार्बला येत नाही.